दोन्ही टोकांची गोलंदाज

ज्येष्ठमधाचा वास आला की मला आधी एक लांबट खोली आठवते. वास तसा मंदच, गोडसर, मुळांना चिकटून आलेल्या मातीची आठवण करून देणारा; पण त्या खोलीत तो कधी एकटा नसे. त्यात खडूची भुकटी मिसळलेली असे, मुलांच्या केसांना चोपडलेलं खोबरेल असे, आणि दुपार जवळ आली की मागच्या पडवीतून लसणाच्या फोडणीची झुळूक येई. या सगळ्या वासांवरून एक घोगरा, कडांना फाटलेला, तरीही हुकमी आवाज जाई, "ओव्हर!" आणि पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची पावलं फरशीवरून या टोकाकडून त्या टोकाकडे निघत.

बूट मोठ्या बाईंचे. इस्त्रीच्या सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालणारी शिक्षिका मी तोवर पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. "पीचवर चपला घालून उतरते का कोणी?" असं त्या विचारत, आणि सूर असा असे की आपण जन्मभर चपला घालून काही प्रमाद केला आहे असं समोरच्याला वाटावं.

आमची शाळा आदिलाबादकडच्या तेलुगू मुलखात, नार्नूरच्या अलीकडे, कापसाच्या आणि तुरीच्या रानांमध्ये. मंडल परिषदेची, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. वर्ग पाच, खोली एक आणि मी रुजू होईपर्यंत शिक्षिकाही एकच. गावात कुणीही 'लहान बाई' टिकलेली नसताना सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणत. जणू लहान बाईची जागा गावाने मनात राखून ठेवली होती आणि तिच्यावर कुणी बसण्याची वाट पाहण्याचं सोडून दिलं होतं.

त्या लांबट खोलीच्या दोन्ही टोकांना दोन फळे होते. पूर्वेच्या फळ्याकडे तोंड करून तिसरी, चौथी, पाचवीची मुलं बसत. पश्चिमेच्या फळ्याकडे तोंड करून पहिली-दुसरीची. दोन्ही गटांच्या पाठी एकमेकांना, आणि एका भिंतीला लागून या फळ्यापासून त्या फळ्यापर्यंत मोकळ्या फरशीचा एक अरुंद पट्टा. हा पट्टा म्हणजे बाईंची खेळपट्टी. त्या पूर्वेच्या टोकाला उभ्या राहून मोठ्या मुलांना सहा प्रश्न विचारत. सहा प्रश्न म्हणजे एक षटक. सहावा झाला की "ओव्हर!" आणि बाई पश्चिमेकडे. तिकडे लहानग्यांना सहा प्रश्न, आणि पुन्हा पूर्वेकडे. ज्यांच्याकडे पाठ असेल त्यांनी तेवढ्या वेळात पाटीवर किंवा वहीत दिलेलं काम करायचं, ते क्षेत्ररक्षण. क्षेत्ररक्षणात कुणी कुजबुजलं की बाई मागे न वळता म्हणत, "कॅच सुटली हं कोणाची तरी."

प्रश्न विचारताना बाई स्वतः चुकल्या, आकडा गाळला किंवा नाव उलटंपालटं केलं, तर मुलं एका सुरात ओरडत, "नो-बॉल!" मग बाई निमूटपणे हात आडवा पसरत आणि तो प्रश्न नव्याने टाकत. एखाद्या षटकात एकही उत्तर बरोबर आलं नाही तर ती 'मेडन'. मैदानावर मेडन ही गोलंदाजाची शान. इथे ती बाईंची हार होती. "ह्या खेळात बॉलरनं मार खाल्ला पायजे," त्या म्हणत. "पोट्ट्यानं सिक्सर मारला ना, त मले रात्री झोप चांगली लागते."

या सगळ्यामागे एक इंग्रज होता.

बाई त्याला 'साहेब' म्हणत. इंग्लंडचा अष्टपैलू, तांबड्या दाढीचा, रुंद खांद्यांचा. त्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. एकदा पाचवीतल्या कुणीतरी विचारलं, "बाई, साहेबाचं नाव काऊन नाही घेत तुमी?"

"घरच्या माणसाचं नाव घेते का कोणी?"

त्यांचे यजमान त्या वेळी शाळेच्या स्वयंपाकासाठी वांग्यांची टोपली घेऊन दारात उभे होते. ते गंभीरपणे म्हणाले, "माहं त रोज घेते. अन् तेही बोंबलून."

अख्खी खोली हसली. बाईंनी मात्र तर्जनी वर करून त्यांना बाद दिलं आणि प्रश्न पुढे सुरू केला.

साहेब त्यांच्या आयुष्यात आला तो रेडिओवरून, आणि रेडिओ घरात आला तो रानडुकरांमुळे. त्यांचं भाजीचं रान जंगलाला लागून. वांग्यात, रताळ्यात डुकरं शिरत, म्हणून तिन्हीसांजेला मचाणावर मोठ्या आवाजात रेडिओ लावून ठेवायचा, माणसाचा आवाज ऐकून ती फिरकत नाहीत. गाणी लागली, भाषण लागलं, काही फरक पडत नसे. एका उन्हाळ्यात लागली ती इंग्लंडातल्या सामन्याची हिंदी कॉमेंट्री. "डुकरं पळाली," बाई सांगत, "मी मात्र तिथंच बसली."

तेच वर्ष त्यांच्या एकटेपणाचं. सोबतचे मास्तर बदली घेऊन गेले आणि पाच वर्ग त्यांच्या एकटीच्या पदरात आले. सकाळी शिकवायचं, दुपारी स्वयंपाकाच्या मावशी आल्या नाहीत तर वरण टाकायचं, मुलीच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, तेलुगूतून आलेले कागद वाचून तेलुगूतूनच उत्तर धाडायचं. त्या म्हणत, "माहे हात त कामाले पुरत, पन मन म्हणे, हे सारं एका बाईचं काम नोहे. अन् संध्याकाळी रेडिओवाला सांगे, साहेबानं बॅटिंग केली, साहेबानं विकेट काढली, अन् स्लिपमंधे कॅच बी साहेबानंच घेतला. मले वाटे, बापा, हा त माह्याच शाळेतला दिसते."

तेव्हापासून शनिवारचा शेवटचा तास साहेबाचा. मुलं भिंतीला पाठ लावून बसत, बाई खेळपट्टीच्या मधोमध उभ्या राहत आणि साहेबाची कारकीर्द सांगत. क्रमाने कधीच नाही. एका शनिवारी साहेब पोरसवदा असे. समुद्राकाठच्या गावात, बोटं आखडून टाकणाऱ्या थंडीत, फलंदाज म्हणून निवड चाचणीला आलेला. गोलंदाज कमी पडला म्हणून त्याच्या हाती सहज चेंडू देण्यात येई आणि संध्याकाळी निवडणारे म्हाताऱ्या चेहऱ्यांचे लोक एकमेकांना विचारत, हा नेमका कोण? पुढच्या शनिवारी साहेब एकदम चाळिशीकडे झुकलेला, दाढीत पांढरे केस, आणि पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवर बसून बूट सोडतोय. एका गोष्टीत तो सलग अपयशी. शून्यावर बाद होतो, वर्तमानपत्रं त्याचं वजन मोजतात, गावातल्या दुकानात त्याची आई पाव घ्यायला गेली की लोक बोलायचं थांबतात. एका गोष्टीत तो नवख्या प्रतिस्पर्ध्याचा त्रिफळा उडवतो, आणि तो पोरगा हादरून बॅट तिथेच टाकून चालू लागतो तेव्हा साहेब ती बॅट उचलून त्याच्या मागे धावत जातो. "बॅट अशी टाकून जाऊ नाही," साहेब त्याला सांगतो. अर्थात आमच्याकडच्या बोलीत.

मी एकदा विचारलं होतं, हे सगळं रेडिओवर सांगत असत का? बाई म्हणाल्या, "आर्धं रेडिओनं सांगितलं. आर्धं मले दिसलं."

भारत आणि इंग्लंड यांचा सामना असला की पानठेल्यावरची पोरं त्यांना मुद्दाम अडवत. "बाई, आज कोणाकडून?"

"साहेबाचे शंभर, अन् आपला विजय."

"दोन्ही कसं जमन?"

"जमवायले काय जाते? मीच पाच वर्ग जमवून राह्यली ना."

आणि साहेबाचं शतक झालं की दुसऱ्या दिवशी शाळेत गूळ-फुटाणे वाटले जात, भारत हरला असला तरी.

मंडल शिक्षणाधिकारी पहिल्यांदा तपासणीला आले तेव्हा मी रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. उंच, अबोल, तेलुगूभाषक गृहस्थ. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं तर एक बाई साडी खोचून, कॅनव्हासच्या बुटांत, खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लगबगीने चालली आहे आणि दुसरी, म्हणजे मी, दाराजवळच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली आहे.

"एमिटंडी इदि?" त्यांनी मला विचारलं. हे काय चाललंय?

मी काही बोलायच्या आत तिकडून उत्तर आलं, "ओव्हर बदलून राह्यला, सार!"

अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि चौथीच्या मुलांना हिंदीतून स्वतःच एक गणित घातलं. एका शेतकऱ्याकडे चाळीस आंबे होते, त्यातले काही त्याने विकले, तर किती उरले? मग सगळी चौथी एका दमात ओरडली, "नो-बॉल!"

अधिकाऱ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी अतिशय नम्रपणे, मान किंचित झुकवून, उजवा हात आडवा पसरला.

मला वाटलं, संपलं. पण त्या अबोल माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. त्यांनी घसा खाकरला, किती आंबे विकले तो आकडा सांगितला आणि उत्तर आल्यावर स्वतःशीच "सरे, सरे", म्हणजे ठीक आहे, म्हणत ते पडवीत जेवण पाहायला गेले.

तर मी त्या खुर्चीवर बसून होते. आदिलाबादच्या बाजारात माझ्या वडिलांचं भांड्यांचं दुकान. मी मराठी घेऊन एम.ए. केलं, कविता वाचत आणि लिहीत वाढले, आणि भरतीच्या परीक्षेतून या शाळेत आले. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्यासाठी स्वतःच्या पदराने ती खुर्ची पुसली आणि म्हणाल्या, "बसा, पाव्हणे." मला तो आदर वाटला. आठवड्याभराने लक्षात आलं, की ते माझं स्थान आहे. हजेरी मी घ्यायची, जेवणाची अंडी मी मोजून घ्यायची, तेलुगूतले कागद मी भरायचे. फळा नाही. मी एखाद्या मुलाजवळ जाऊन त्याचा काना-मात्रा दुरुस्त करू लागले, तर बाई गोड आवाजात म्हणत, "राहू द्या ना, पाव्हणे. कपड्याले खडू लागन."

पावसाळा संपत आला, कापसाची बोंडं फुटू लागली, हवेत पहाटेचा कोरडा गारवा आला, आणि बाईंचा आवाज बसू लागला. तो घोगरा आधीपासूनच होता. ज्येष्ठमधाची कांडी दाढेत धरल्याशिवाय मी त्यांना पाहिलंच नव्हतं. पण आता शब्दाचा शेवट कातरल्यासारखा गळून पडू लागला. 'पुस्तक' म्हणताना 'क' ऐकू येईना. त्या घोटभर गरम पाणी पीत, छातीवर हात ठेवून उभ्या राहत आणि पुन्हा चालू लागत. पूर्व, पश्चिम, पूर्व.

खरं काय ते मला नार्नूरच्या आठवडी बाजारात कळलं. बाईंचे यजमान काटेरी देठांच्या वांग्यांचा ढीग लावून बसले होते.

"जपून धरा, मॅडम, काटे हायेत," ते म्हणाले, आणि मी वांगी निवडत असताना खालच्या आवाजात, "तुमी तिले काही सांगा. माहं आयकत नाही."

"काय झालं, दादा?"

"गळ्यात आवाजाच्या दोऱ्या राहतात म्हणे. त्याच्यावर गाठी झाल्या. आदिलाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, आतापासून तोंड बंद. हू का चू नाही. बंद ठेवलं त बसतीन गाठी. नाहीतर आवाज गेला, अन् गेला त वापस येनार नाही."

"मग? रजा का घेत नाहीत?"

"म्हणते, मी चूप बसली त शाळा चूप बसन." त्यांनी तराजूत वांगी टाकली, एक जास्तीचं टाकलं. "साहेबाची गोष्ट आयकली ना तुमी? मोठ्या सामन्याची? कुठलोक सांगते ती?"

"संध्याकाळपर्यंत. साहेब दिवसभर गोलंदाजी करतो आणि सामना जिंकतो तिथपर्यंत."

ते हसले. "पुढचं मी सांगतो. रेडिओ माहाच होता." आणि उन्हात, गिऱ्हाइकांच्या गलक्यात, त्यांनी मला त्या संध्याकाळच्या पलीकडचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "अन् क्रिकेटात एक नियम हाये, मॅडम. एका बॉलरनं लागोपाठ दोन्ही टोकांहून टाकाचं नाही. केवढाही मोठा साहेब असला तरी एक ओव्हर झाली की बॉल दुसऱ्याले द्या लागते. हिले काय ते मालूम नाही?"

दुसऱ्या दिवशी मुलं जेवायला बसली असताना मी बाईंना सरळ विचारलं. "बाई, एका टोकाकडून मी घेऊ का? तुम्ही दोन्ही टोकांनी टाकता. खेळात तसं चालत नाही ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्येष्ठमध या दाढेतून त्या दाढेत गेला.

"मालूम हाये मले नियम," त्या कुजबुजल्या. "तुमच्या आंधी दुसऱ्या टोकाले लोक आलेच ना. एक जण आले, चौथीले भागाकार अर्धा शिकवून गेले. पोट्टे वर्षभर बाकी हातात घेऊन बसले. एक बाई आल्या, पहिलीच्या पोरी त्यांच्या मांडीवर बसाले लागल्या, अन् दिवाळीले गेल्या त्या गेल्याच. त्या पोरी रोज दाराकडं पाहत. जो येते तो अर्धी ओव्हर टाकून गाडी पकडते, पाव्हणे. राह्यलेले बॉल कोणी टाकाचे?"

"मी यंदा बदलीचा अर्ज केलेला नाही."

"पुढल्या वर्षी करसान," त्या म्हणाल्या. त्यात कडवटपणा नव्हता. पाऊस येईल, ऊन पडेल, तसं. आणि त्या उठून मुलांना वरण वाढायला गेल्या.

मौनाचा त्यांनी एक प्रयत्न केला, पण तो त्यांच्या पद्धतीने. फळ्यावर प्रश्न लिहायचा आणि उत्तर आलं की पंचासारख्या खुणा करायच्या: अर्धवट बरोबर तर हाताची लहरती हालचाल, पूर्ण बरोबर तर दोन्ही हात वर. मोठ्या मुलांना हा नवा खेळ फार आवडला. पूर्वेच्या टोकाला दोन दिवस नुसता हशा आणि चौकार-षटकार. पश्चिमेला मात्र पहिलीची मुलं बसली होती. त्यांना वाचता कुठे येत होतं? त्यांना आवाजच हवा होता. बाईंनी म्हणायचं आणि त्यांनी मागून म्हणायचं, अक्षर त्यांच्यात असंच उतरत होतं. म्हणून तिकडे बाई बोलत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्या पहिलीला 'आ' शिकवत होत्या. एकदा म्हणाल्या, मुलं म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाल्या, मुलं म्हणाली. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, ओठ पूर्ण गोल उघडे, आणि आतून फक्त हवा. पहिलीच्या मुलांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग, बाई करतील तसं करायचं हे त्यांना पक्कं ठाऊक असल्यामुळे, त्या सगळ्यांनी आपापली तोंडं उघडली आणि मनापासून, अगदी बाईंसारखीच, नुसती हवा बाहेर सोडली.

मी पुष्कळ शांतता ऐकली आहे. देवळातली, दुपारच्या ओस बाजारातली, आजारी माणसाच्या उशाशी असलेली. त्या पंधरा-वीस उघड्या तोंडांची शांतता मला अजून ऐकू येते. बाई भिंतीला टेकल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भय होतं. ते मी त्यांच्या चेहऱ्यावर तोवर पाहिलं नव्हतं.

पुढे दोन दिवसांनी शनिवार आला. शेवटच्या तासाला मुलं भिंतीला टेकून बसली आणि ओरडू लागली, "साहेब! साहेब!" बाईंनी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली. मुलांचे चेहरे उतरले. मी त्या खुर्चीवरून उठले. मला का उठावंसं वाटलं ते आजही नेमकं सांगता येणार नाही. मी खेळपट्टीच्या मधोमध गेले आणि म्हणाले, "आज मोठ्या सामन्याची गोष्ट मी सांगते."

बाईंनी मला अडवलं नाही. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून त्या माझ्या खुर्चीवर बसल्या.

मी सांगू लागले. कडक ऊन, भेगाळलेली खेळपट्टी, शेवटचा दिवस. साहेब त्या वेळी कप्तान. त्याचे दोन भरवशाचे गोलंदाज दुखापतीने आत बसलेले. जेवणानंतर साहेबाने चेंडू हातात घेतला तो सोडलाच नाही. दुसऱ्या टोकाने कुणीतरी नावापुरतं षटक टाकी, आणि पुन्हा साहेब. एक गडी, मग बराच वेळ काही नाही, मग आणखी एक. मुलांना सगळं तोंडपाठ होतं. कुठे प्रेक्षक उभे राहिले, कुठे साहेबाने पाणी नाकारलं, ते मला तीच पुढे सांगत होती. "अन् संध्याकाळ झाली," शेवटी सगळी एकदम म्हणाली, "अन् सामना आपला!"

एरवी गोष्ट इथे संपे. मुलं दप्तरं उचलू लागली.

"पुढे ऐका," मी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाला हॉटेलच्या पायऱ्या उतरता येईनात. गुडघा सुजून एवढा झाला होता. डॉक्टर आले, कापाकापी झाली. साहेब पुढे बरीच वर्षं खेळला, शतकंही केली. पण त्या दिवसासारखा चेंडू त्याच्या हातून पुन्हा कधी पडला नाही. धावत यायचा आणि मध्येच थांबायचा. अर्धा साहेब उरला."

मुलं बाईंकडे पाहू लागली. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"आणि त्या दिवशी मैदानात एक नवा गोलंदाज होता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटत होता. "चहाच्या वेळेनंतर तो साहेबाजवळ आला आणि म्हणाला, मी टाकू का? साहेबाने मान हलवली. नंतर तो पुन्हा आला. साहेबाने त्याच्याकडे पाहिलंही नाही."

"काऊन नाही देल्ला त्याले बॉल?" पाचवीतल्या एका मुलीने विचारलं.

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "नवा होता. टिकेल की नाही, साहेबाला खात्री नसेल."

"मंग खात्री कधी येनार होती?" ती म्हणाली. "टाकूच देल्लं नाही त?"

घंटा झाली. मुलं गेली. बाई खुर्चीवरून उठल्या, खिडक्या लावल्या, कडी घातली, कुलपाची चावी पदराच्या गाठीत बांधली आणि माझ्याकडे न पाहता शेताच्या वाटेने निघून गेल्या. मला वाटलं, मी एका बाईचं कित्येक वर्षं जपलेलं काहीतरी तिच्याच मुलांसमोर मोडून टाकलं.

आज त्या निवृत्त आहेत. डॉक्टरांनी सांगितलेलं मौन त्यांनी पाळलं, पुष्कळ आठवडे, इतकं कसोशीने की यजमान बाजारात सांगत फिरले, "घरात आता मीच बोलून राह्यलो, अन् मलेच माहा कंटाळा आला." आवाज परत आला, पूर्वीचा नाही, पातळ, काठाकाठाने चालणारा, पण आला. आता त्या वांग्यांच्या वाफ्यांत बसून त्याच बुटांत निंदण करतात. मी गेले की खालच्या आवाजात विचारतात, पूर्वेच्या टोकाला उजेड नीट येतो का, पहिलीत यंदा किती. शाळेत आता आणखी एक तरुण शिक्षक आले आहेत. मी त्यांना पहिल्याच दिवशी फळा दिला.

मौन सुरू झालं ते त्या शनिवारनंतरच्या सोमवारी. पण त्याआधी, त्याच सकाळी, बाईंनी एक शब्द खर्च केला.

त्या नेहमीसारख्या आल्या. प्रार्थना झाली. त्या पूर्वेच्या टोकाला गेल्या आणि मोठ्या मुलांसाठी फळ्यावर सहा प्रश्न लिहिले. मुलांनी उत्तरं दिली, बाईंनी खुणा केल्या. सहावा झाला. "ओव्हर" त्यांनी नुसता हाताने सांगितला. पश्चिमेच्या टोकाला पहिलीची मुलं माना वर करून बुटांच्या आवाजाची वाट पाहू लागली.

बूट निघाले आणि मध्येच, दाराजवळ, माझ्या खुर्चीसमोर थांबले. बाईंच्या हातात नवा, अखंड खडू होता. तो त्यांनी साडीच्या निऱ्यांवर एका बाजूने सावकाश घासला. निळ्या सुतावर एक पांढरा पट्टा उमटला. मग त्यांनी पश्चिमेच्या फळ्याकडे पाहिलं, तिथल्या लहानग्यांकडे पाहिलं, आणि तळहात माझ्यासमोर उघडला. इतक्या जवळून ज्येष्ठमधाचा वास येत होता. त्यांनी गळ्यावर एक हात ठेवला, आणि म्हणाल्या,

"घे."